मी ब्राउझरच्या माथी मारलं ते

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्या दोस्तामुळे हे गावभर झालं त्याच्याजवळही नाही — बघा, "दोस्तामुळे" म्हटलं ना, इथेच मी पुन्हा सुरू झालो. गावभर झालं ते माझ्यामुळे. थांबा, नीट सांगतो.

रिसोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सोबत मोबाइलची किरकोळ कामं. हल्ली लोक विचारतात — भाऊ, ते प्रायव्हसीवालं ब्राउझर खरंच आपली माहिती जपतं, की तेही विकतं? मी मोठ्या तोऱ्यात सांगतो, कोणावरच भरवसा ठेवू नका. लोकांना वाटतं, याला फार कळतं. मला काय कळतं? ती कंपनी लांब कुठेतरी बसून काय करते, हे मला आजही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की बबनकाकांच्या बाबतीत तिनं काही केलं नव्हतं.

बबनकाका म्हणजे गावाला लागून असलेल्या मळ्यात वांगी, मेथी, पालक पिकवणारा माणूस. साठी ओलांडलेली, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुलं, सुना, घर भरलेलं, पण जेवणाचं ताट मात्र ओसरीवर एकट्याचं. एका दुपारी दुकानात आले आणि बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच पंख्याखाली बसून राहिले. मग फोन पुढे केला. "गजू, असं काही टाकून दे का म्या काय पाह्यलं ते कोनालेच दिसलं नाही पाह्यजे. पोट्टे माहा फोन घेतात." मी टाकून दिलं. म्हटलं, काका, आता देवालाही दिसणार नाही.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. खेड्यातल्या माणसाला ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. म्हणून आम्ही दुकानाचाच ईमेल टाकून मोकळे होतो. काकांच्या ब्राउझरलाही मी तेच केलं, सवयीनं. माझ्या कॉम्प्युटरवरही तोच ब्राउझर, तोच ईमेल — त्यामुळे काकांनी शोधलेलं सगळं माझ्यासमोर येऊन पडू लागलं. ते बंद करणं दोन बटणांचं काम होतं. मी केलं का? मी वाचत बसलो.

"साठ वर्षांनंतर लग्न करता येते का." "विधवा बाई वाशिम जिल्हा." "मुलांना लग्नाचे कसे सांगावे" — हे तर तीनदा. मग एका वधूवर मंडळाचं पान त्यांनी खूण करून ठेवलं. पंचावन्नची एक बाई, जऊळक्याकडची, फोटोत जरा लाजून हसणारी. खाली नंबर.

मला हसू आलं. खूप हसू आलं. आणि एकट्यानं हसून भागेना, म्हणून चहाला आलेल्या दोस्ताला स्क्रीन फिरवून दाखवली. कोणाला सांगू नको म्हटलं. असं म्हटल्यावर कोण थांबतं? हे मला माहीत नव्हतं का?

आठवडाही गेला नाही. सकाळी भाजीच्या हर्रासात, बोली लागायच्या वेळी सगळे व्यापारी जमलेले असताना कोणीतरी ओरडलं, "काका, वांगे राहू द्या, वरात कवा काढता?" काका पोतं तिथंच टाकून घरी गेले. घरी मोठ्या मुलानं त्यांचा फोन अंगणातल्या दगडावर आपटला.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. भांडायला नाही — विचारायला. "तू तं म्हने कोनालेच दिसत नाही. मंग गावाले कसं दिसलं?"

मी क्षणभरही अडखळलो नाही. म्हटलं, काका, या कंपन्या अशाच, नाव प्रायव्हसीचं आणि आतून सगळं विकतात. कंपनी काय रिसोडच्या भाजीबाजारात बातमी विकायला येते? पण त्यांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारा मी होतो. वर मलाच म्हणाले, "त्याच्यात तुही काय चूक, बापा."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज हे लिहिलं नसतं कदाचित.

महिनाभरानं ते पुन्हा आले. त्या बाईशी फोनवर दोनदा बोलणं झालं होतं, तिसऱ्या बोलण्यात भेटायचं ठरणार होतं. नंबर फुटक्या फोनात, सिमसकट गेला. मंडळाचं नाव आठवत नव्हतं, ती जऊळक्याकडची एवढंच ठाऊक, नेमकं गाव विचारायचं राहून गेलं होतं — आणि या वयात कोणत्या गावात जाऊन एका विधवेचं नाव घ्यायचं? मान खाली घालून म्हणाले, "त्या कंपनीनं एवढं इकलं, मंग त्यायच्यापाशी तो नंबर असन ना? वापस मांगता येते काय?"

नंबर माझ्यासमोर होता. काकांकडे पाठ केलेल्या त्या स्क्रीनवर, खूण केलेल्या पानावर, ती बाई हसत होती. दहा आकडे वाचून दाखवायचे होते फक्त. पण मग तो माझ्याकडे कसा, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, नाही काका, त्यांच्याकडे काहीच राहत नाही.

काका "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. ते वळणाआड होईपर्यंत मी थांबलो. मग त्या पानाची खूण पुसली, आणि काकांनी मागे शोधलेलं सगळंही पुसलं. आता तो नंबर माझ्याकडेही नाही.