भरतीबाईंची चाळीस मिनिटं

सकाळी सव्वासातची वेळ. गॅसवर दूध ठेवलेलं, माझा एक डोळा दुधावर आणि दुसरा पॅसेजमध्ये. तिथं सासूबाईंच्या फेऱ्या चालल्या होत्या. हातात काठी, पायात नवे कोरे बूट आणि तोंडानं मोठ्यानं मोजणी. "एकाहत्तर... बाहत्तर..." आमचे हे जमिनीवर बसकण मारून बॅगेची चेन ओढत होते आणि जन्माचं वैर असल्यासारखे तिच्याशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. पाच दिवस समुद्रकाठी. दोन जुनी बंदराची गावं, दोन बेटं. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या दाराला बेल आहे. बेल सोडून टकटक करणारं माणूस इमारतीत एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या भरतीबाई. पण त्या अकराच्या आत कधी कुणाकडे जात नाहीत. मी दार उघडलं. केस विंचरलेले नाहीत, खांद्यावर घरातली शाल कशीबशी टाकलेली आणि छातीशी भरती-ओहोटीच्या वेळांचं ते त्यांचं पिवळं पुस्तक घट्ट धरलेलं.

"बॅगा भरल्या का गं?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"भरतोय. या ना आत."

"थांबवा. मी चुकले."

माझं दूध उतू गेलं.

भरतीबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की आता त्यांची लेकही कधीकधी "आमच्या भरतीबाई झोपल्यात" असं सांगते. बावीस वर्षांच्या असताना त्या बंदरावरच्या कचेरीत लागल्या, त्या केवळ अक्षरावर. आधीच्या कारकुनानं लिहिलेला आकडा कुणालाच धड वाचता येत नसे. एकदा त्याच्या फळ्यावरची वेळ वाचून चार माणसांचं एक कुटुंब बेटावर अडकलं आणि पुढच्या ओहोटीपर्यंत एका भिंतीच्या आडोशाला उपाशी बसून राहिलं. मग साहेबांनी सुवाच्य अक्षराचं माणूस शोधलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं, रोज सकाळी सहाला, भरतीबाई स्टुलावर चढून धक्क्यावरचा काळा फळा पुसत आणि त्यावर दिवसाची भरती, ओहोटी आणि बोटींच्या वेळा लिहीत. खारं वारं खडू टिकू देत नाही, म्हणून खडू आधी पाण्यात बुडवायचा. ओला खडू लिहिताना दिसत नाही, वाळल्यावर पांढराशुभ्र उठतो. "म्हणजे मी दहा मिनिटं आंधळ्यासारखी लिहायचे," त्या सांगतात, "पण ओळ कधी वाकडी नाही गेली."

यजमान गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. आमचं शहर समुद्रापासून बसनं पाच तास. पहिलं वर्षभर त्यांचा जीव रमेना. "इथं काही वेळेवर येत नाही, वेळेवर जात नाही," म्हणायच्या. "पाणी तेवढं येतं, तेही नळाला, आणि न सांगता." मग कुणीतरी सुट्टीत समुद्रावर निघालं, त्यांनी सहज विचारलं, किती वाजता पोचणार? उत्तर ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, त्या वेळेला तिथं समुद्रच नसतो! मैलभर चिखल बघायला जाताय का?" त्या दिवसापासून आमच्या इमारतीत समुद्रकाठचा प्रवास त्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. आधी पाणी, मग गाणी, हे त्यांचं सूत्र.

आमचा प्रवास ठरवायला त्या आल्या तेव्हा चौकटीच्या वहीचा दुहेरी कागद आणि दोन रंगीत पेन्सिली घेऊनच आल्या. चष्मा नाकावर घेऊन तीन प्रश्न विचारले.

"सगळ्यात हळू कोण चालतं?"

सासूबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"बोट कुणाला लागते?"

मी.

"आणि भूक लागली की कोण चिडतं?"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

मग कागदावर पाच दिवस उभे आणि तास आडवे मांडले गेले. पहिल्या दिवशी जुन्या जकातघराचं गाव, तिथल्या दगडी गल्ल्या आणि जहाजं बांधायच्या लोखंडी कड्या. नंतर तटबंदीचं गाव, तिथं तीन रात्री मुक्काम. त्या गावाहून बोटीनं दीपगृहाचं बेट, आणि एक दिवस चालत जायचं बेट. ह्या दुसऱ्या बेटाला बोट जात नाही. ओहोटीला वाळूची आणि दगडांची एक वाट पाण्यातून वर येते, चार तास उघडी राहते आणि पुन्हा मिटते. वाट मिटलेली असते ते तास भरतीबाई निळ्या रेघोट्यांनी भरून टाकतात. "निळ्यात पाय घालायचा नाही," एवढा एकच नियम.

आमची सगळी सहल खरं तर त्या बेटासाठी होती. सासूबाई अकरा वर्षांच्या असताना शाळेची सहल तिथं गेली होती. आदल्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला, म्हणून वर्गाच्या बाईंनी त्यांना किनाऱ्यावर डब्यांची राखण करायला बसवलं. वर्गातल्या सगळ्या मुली ओळीनं समुद्रातून चालत गेल्या आणि ह्या एकट्या किनाऱ्यावर चौतीस डबे मोजत बसल्या. पुढे लग्न, मुलं, नोकरी, सासऱ्यांचं आजारपण. आता चौऱ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवर आणखी वर्षभर भरवसा ठेवा, पुढचं सांगता येत नाही. तेव्हापासून पॅसेजमध्ये रोज शंभर फेऱ्या.

तर त्या सकाळी भरतीबाई आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मी ओटा पुसत ऐकत होते.

"बेटाची ओहोटी मुख्य बंदराच्या चाळीस मिनिटं मागे असते," त्या म्हणाल्या. "पुस्तकात वेळ फक्त मुख्य बंदराची छापायचे. मी अठ्ठावीस वर्षं तिच्यात चाळीस मिळवून फळ्यावर लिहिली. ह्या वर्षीच्या पुस्तकात बेटाचं पान वेगळं दिलंय. मी ते पान बघितलं, वेळ वाचली, आणि हातानं आपोआप चाळीस मिळवले."

"म्हणजे दोनदा मिळवले?" ह्यांनी विचारलं.

"दोनदा. एकदा छापणाऱ्यांनी, एकदा मी. आज चहा पिताना प्रस्तावना वाचली. जन्मात पहिल्यांदा. प्रस्तावना कोण वाचतं?"

कॉलेजात माझा भूगोल होता. चंद्र आणि भरती-ओहोटी ह्यावर मी आकृतीसकट दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं. पण चाळीस मिनिटांचा अर्थ मला त्या क्षणी कळला नाही. तो भरतीबाईंनी कागदावर बोट ठेवून दाखवला. धडधाकट माणसाला ती वाट पंधरा मिनिटांची, सासूबाईंना त्यांनी चाळीस धरलेली. मंगळवारी साडेअकराला आम्ही बेटावरून परत निघणार होतो. कागदाप्रमाणे वाट साडेबाराला मिटणार. खरी मिटणार होती बाराला दहा कमी असताना.

"म्हणजे तुम्ही बरोबर मध्यावर असता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बोट तिथंच थांबलं.

आतापर्यंत पॅसेजच्या तोंडाशी काठीवर रेलून ऐकणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. "म्हणजे मी बुडाले असते?"

"गुडघाभर तरी."

"मग काय बिघडलं! गुडघे तसेही कामाचे नाहीत."

ह्यांना हसू फुटलं, मलाही. भरतीबाईंना नाही. त्यांनी आमचा कागद ओढून घेतला आणि चार घड्या केल्या. "हसण्यावारी नेऊ नका. आता हे काम मी बंद करणार. तुम्ही त्या बेटाचं राहू द्या. बाकीचं सगळं ठीक आहे, पुन्हा तपासलंय."

सासूबाईंचा चेहरा क्षणात उतरला. त्यांनी खुर्ची ओढली आणि बूट काढायला वाकल्या. ते मला बघवेना.

"बाई," मी म्हटलं, "बेट सोडायला सांगायला आलात की दुरुस्त करायला?"

 त्यांनी घड्या उलगडल्या. "पेन्सिल दे."

पुढचा पाऊण तास मी चहावर चहा केला. मंगळवारी लवकर जायचं तर पहिली बस पावणेनऊलाच पोचते. बेटावर उणापुरा तास मिळणार. "त्रेसष्ट वर्षं थांबलेल्या बाईला एक तास?" भरतीबाई स्वतःवरच वैतागल्या. मग त्यांची पेन्सिल थांबली. "अगं, पण समुद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो की! बुधवारी जा. बुधवारी वाट बारा चाळीसपर्यंत उघडी आहे. तीच बस, तेच सगळं, फक्त एक दिवस पुढे. दीपगृहाची बोट मंगळवारी घ्या, ती संध्याकाळीच परत येते."

"आणि मंगळवारचं माझं जहाजांचं संग्रहालय?" हे म्हणाले. बेटावरून परतल्यावर दुपारी ते जुन्या जहाजांचे सांगाडे बघणार होते. दोन महिने त्याचीच माहिती आम्हाला ऐकवत होते.

"बुधवारी बंद असतं," भरतीबाई हळूच म्हणाल्या.

ह्यांनी एकवार आईच्या बुटांकडे पाहिलं. "जाऊ दे. बुडालेली जहाजं ती, कुठे पळून जातायत?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ह्या माणसाचे त्या एका वाक्यासाठी मी मनापासून आभार मानले. तोंडानं नाही, तोंडानं मी फक्त "बिस्किटं हवीत का" एवढंच विचारलं.

राहिली बोट. ह्यांनी बोटवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. बुधवारची तिकिटं मंगळवारी चालतील का, म्हणून विचारलं. बोटवाला कुरकुरला. दिवस बदलायचं कारण काय, मंगळवारी गर्दी असते, वगैरे.

"भरतीच्या वेळेमुळे. आमच्या इथं एक बाई आहेत, पूर्वी तिकडे फळा लिहायच्या..."

"फळ्यावरच्या बाई? आधी सांगायचं ना! त्या म्हणाल्या ना मंगळवार? मग मंगळवार. त्यांच्या वेळेवर आमच्या बापानं बोटी काढल्या."

भरतीबाईंनी चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

बुधवारी नऊच्या सुमाराला आम्ही वाटेवर पाय ठेवला. ओली वाळू, शेवाळलेले दगड, दोन्ही बाजूंना लांबवर मागे गेलेलं पाणी. ह्यांनी एक हात धरला, मी दुसरा. अर्ध्या वाटेवर सासूबाईंनी दोघांचे हात सोडायला लावले. चाळीसऐवजी पंचेचाळीस मिनिटं लागली. बेटावर पडक्या भिंती, चार गंजक्या तोफा, एक गोड्या पाण्याची विहीर. एका तोफेवर पदर सावरून त्या बसल्या आणि किनाऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "इथून डबे दिसलेच नसते. कुणीतरी तिथं बसायलाच हवं होतं, मी उगाचच रडले."

सव्वाबाराला आम्ही परत किनाऱ्यावर होतो. मुद्दाम थांबून वाट मिटताना पाहिली. टोकाकडून मिटेल असं मला वाटलं होतं. ती आधी मध्यावर बुडाली. दोन्हीकडून पाणी अगदी गुपचूप आलं, आवाज नाही, लाट नाही. थोड्या वेळापूर्वी जिथं सासूबाई दम घ्यायला थांबल्या होत्या ती जागा नाहीशी झाली.  हे आईच्या खांद्यावरची शाल उगाचच नीट करत राहिले. एका बाईनं त्या सकाळी आपला अभिमान बाजूला ठेवून आमचं दार वाजवलं, म्हणून आम्ही तिघं तिथं कोरड्या पायांनी उभे होतो. बहुतेक माणसं गप्प बसली असती. काही झालं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. त्यांच्या चुकीचा बोभाटा होऊ द्यायचा नाही असं मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. पण भरतीबाईंनी आम्ही गेल्यावर तो स्वतःच करून टाकला होता, लिफ्टमध्ये, जिन्यात, खालच्या दुकानात. तरीही तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर आपल्या बहिणीला समुद्रावर न्यायचं म्हणून विचारायला आलेच. टेबलावर त्यांचा कागद पडला होता. दिवस आखलेले, तास मांडलेले, रंग मात्र अजून कुठेच भरला नव्हता.

मी सगळं सांगितलं. तोफेचं, पंचेचाळीस मिनिटांचं, मध्यावर बुडालेल्या वाटेचं. "बाई, तुमचे उपकार—" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी हात हलवून मला गप्प केलं.

"उपकार राहू देत. माझं एक काम करशील?"

"सांगा ना."

त्यांनी ते पिवळं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"यापुढे मी कुणाचाही कागद केला, की त्याच्या हातात देण्याआधी तू एकदा तपासून दे."