आत्याचे चार दाणे

बेळगावला लागून असलेल्या आमच्या शहापुरात मागावरून उतरलेलं लुगडं पेठेत जाण्याआधी आत्याच्या हाताखालून जाई. ती डोळे मिटून त्यावर बोटं फिरवायची आणि सुताची बारीकशी गाठही तिला सापडायची. ती दाखवेल ती गाठ वडील निमूटपणे दुरुस्त करत. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. मूलबाळ नव्हतं. मला तिनेच वाढवलं, आणि विणकराच्या घरातला मी डॉक्टरकी शिकायला पुण्याला गेलो तेव्हा साऱ्या गल्लीत मिरवली तीच.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी आलो होतो. शवविच्छेदन संपवून आलेला मी, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. आत्याने जमिनीवर ज्वारीचा एक दाणा ठेवला, त्यावर लुगड्याची घडी टाकली आणि माझा हात धरून म्हणाली, "हितं काय लागतंय बघ रं. एखाद्या बाईच्या छातीत आसं लागलं तर?"

आमच्याकडच्या बायका पुरुषाला, मग तो पोटचा पोर का असेना, अंग दाखवत नसत. दुखणं दुसऱ्या कशावर तरी दाखवत. हे मला पक्कं ठाऊक होतं. ती बाई कोण, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "दुखतंय व्हय?"

"न्हाय, अजाबात न्हाय."

"मग सोड की आत्या. मागाचं लाकूड लागलं आसंल तिला."

हे लाकडाचं आमच्या गल्लीतलं जुनं खूळ. छातीत काही आलं की दोष मागाच्या आडव्या दांड्याला. पुण्याला डॉक्टरकी शिकत असूनही मी तेच बरळलो. आत्या हसली आणि दाणा उचलून कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत टाकला.

मे महिन्यात पुन्हा आलो, पण सारी सुट्टी मित्रांबरोबर उंडारण्यात गेली. आत्या दोनदा जवळ येऊन बसली होती, ते आठवतं.

पुढच्या वर्षी दवाखान्यातल्या वॉर्डात आमच्या सरांनी विचारलं, "स्तनातली कोणती गाठ जास्त भीतीची, दुखणारी की न दुखणारी?" आम्ही सगळे "दुखणारी" म्हणालो. सर म्हणाले, "न दुखणारी. ती बाईला गप्प बसवते." मला लुगड्याखालचा ज्वारीचा दाणा आठवला; ती बाई आत्याच असणार होती. त्याच आठवड्यात मी गाडी पकडली.

आत्याला बेळगावच्या दवाखान्यात नेलं, तिथे बाई डॉक्टर होत्या. मी पडद्याबाहेर उभा होतो. त्यांनी वय विचारलं, पाळी कधी आली ते विचारलं, मग मुलं किती, अंगावर पाजलंत का. जन्मभर वांझ म्हणून ऐकलेल्या बाईला तो प्रश्न टोचणारच. डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "यात तुमचा दोष काही नाही. मूल न झालेल्यांत हा आजार थोडा जास्त दिसतो, म्हणून विचारते. घरात कुणाला झाला होता?" आत्या म्हणाली, "आईला. छातीला जखम झाल्ती, त्यातच ग्येली." माझ्या आजीला दृष्ट लागली, एवढंच मला आजवर सांगितलं होतं.

मग बाईंनी मला आत बोलावलं. आत्याने पदर घट्ट लपेटला होता. टेबलावर चंची उघडी होती आणि त्यापुढे चार गोष्टी ओळीने मांडल्या होत्या: ज्वारीचा दाणा, हरभरा, पावटा, सुपारी. गाठ वाढेल तसा ती चंचीत नवा दाणा टाकत गेली होती.

"ह्यो दिवाळीचा," आत्या ज्वारीवर बोट ठेवून म्हणाली. "तुला दावलेला. बाकीचं दावायचं ऱ्हाऊन ग्येलं."

बाईंनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. गाठ केवढी, हलते की खाली चिकटली, कातडी आत ओढली आहे का, काखेत गाठी आहेत का, आणि पाठीच्या कण्यात, फुप्फुसात, यकृतात काही शिरलंय का. यावरून आजाराची पायरी ठरते आणि पायरीवरून आशा. आत्याची कातडी ओढली गेली होती, काखेतही गाठी होत्या. "दाण्याएवढी असताना आणलं असतं तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. मला तिथेच रडू फुटलं.

शस्त्रक्रिया झाली, जखमही भरली. दुसऱ्या वर्षी पाठ दुखू लागली आणि आत्या अंथरुणाला खिळली. एकदा मी धीर करून म्हणालो, "आत्या, चूक माजी हुती." ती म्हणाली, "तू दुखतंय का ईचारलंस, मी न्हाय म्हटलं. खरंच दुखत न्हवतं रं लेकरा." मग माझ्या सदऱ्याच्या बाहीवर सवयीने बोटं फिरवत राहिली. त्या पावसाळ्यात ती गेली.

आता मी शिकवतो. "दुखतं का?" एवढंच विचारून एखादा विद्यार्थी खाटेवरून उठू लागला, की मी खिशातला ज्वारीचा दाणा त्याच्या तळहातावर ठेवतो आणि त्याला परत खाली बसवतो.