शिंप्याच्या पोटाचं अस्तर

कोटाला अस्तर लावावं तर मास्तरांनीच, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यामुळे दुर्बिणीनं पोट तपासून डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "तुमच्या पोटाचं अस्तर खराब झालंय," तेव्हा मास्तरांना पोटदुखीपेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं.

"कुठे उसवलंय?" त्यांनी विचारलं.

"उसवलं नाही. आपलंच आम्ल आपल्याला जाळू नये म्हणून पोटात आतून एक बुळबुळीत थर असतो. तुमच्या पोटात जंतू झालेत, पीळ घातल्यासारख्या आकाराचे. ते स्क्रूसारखे त्या थरात घुसतात, आपल्याभोवतीचं आम्ल मारतात आणि खाली ठाण मांडतात. मग थर कमजोर होतो, आम्ल आत लागतं, जखम होते."

"म्हणजे कपड्याला लागते तशी कसर लागलीय."

"तसं समजा. गोळ्या मात्र मध्येच सोडू नका."

कुणाजवळ बोलायचं नाही, असं मास्तरांनी घरी बायकोला बजावलं. ती फक्त भावाजवळ बोलली. भावाचं केस कापायचं दुकान होतं.

दुसऱ्याच दिवशी बँकेतले साहेब शिवायला टाकलेला कोट परत न्यायला आले. "राग मानू नका मास्तर, पण कसर पसरते म्हणतात." शेजारच्या बाईंनी तर मास्तरांनी पूर्वी शिवलेला जुना कोटसुद्धा उन्हात टाकला. संध्याकाळी मेहुणा डांबराच्या गोळ्यांची पुडी घेऊन हजर.

"खायच्या नाहीत हं दाजी. नुसत्या खिशात ठेवायच्या."

मास्तरांनी पुडी खिशात टाकली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी तोंड कडूजहर व्हायचं, तरी त्यांनी एकही चुकवली नाही. हळूहळू दुखणं थांबलं. पुन्हा दुर्बीण घातली, तर जंतू गेलेले, जखम भरलेली.

"अस्तराचा फोटो द्या," मास्तर म्हणाले. "मोठा."

तो त्यांनी दुकानात आरशाशेजारी लावला. लोक यायचे, बघायचे, मान डोलवायचे. एक दिवस साहेबही कोट घेऊन आले आणि फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"सुरकुत्या दिसतायत."

"त्या असाव्याच लागतात. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय."

साहेबांनी कोट टेबलावर ठेवला. "मग मला याच रंगाचं लावा."

चार दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे तसलं ओलसर गुलाबी सॅटिन मिळालं. कोट अंगात चढवून साहेबांनी पोटावरून हात फिरवला.

"हलकं वाटतंय," ते म्हणाले.