‘ग’च्या खालची रेघ

ओल्या फडक्यानं फळा पुसला की खडूचा वास उठतो, आणि मला ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला तो गाण्याचा वर्ग आठवतो. मी नवशिक्या बायकामुलींना स्वरलिपी वाचायला शिकवत होते. ‘ग’च्या खाली रेघ असली की तो कोमल, म्हणजे जरा उतरलेला, एवढंच तेव्हा चाललं होतं. त्या संध्याकाळी फळ्यावर आठवडाभर घोटलेली राग काफीची सरगम होती. सगळ्या ती झकास म्हणत होत्या, फक्त बीरगांवहून येणाऱ्या एका बाईंचा ‘ग’ दर वेळी वर चढत होता. कॉलेजातली एक पोट्टी खुदकन हसली, “आंटी फिर बेसुरी!” बाई पिशवी उचलून उठल्याच. म्हणाल्या, “उद्यापासून मी नाही येत, दीदी. पण मले तं ‘ग’च्या खाली रेघ दिसूनच नाही राहिली.” मी वळून पाहिलं. माझ्या ओढणीनं ती केव्हाच पुसली गेली होती. बाकीच्या पाठ झालेलं गात होत्या. फळा वाचत होत्या त्या एकट्या बाई. आता नव्या वर्गाची सरगम पाठ झाली की मी एखादी रेघ गुपचूप पुसते, आणि बेसूर कोण होतंय याची वाट बघते.