जावेचं जेड

माझ्या धाकट्या जावेला झाडांतलं काही कळत नाही, असं मी तिच्या लग्नापासून धरून चालले होते. तिच्याकडे तुळससुद्धा टिकायची नाही. त्यामुळे तिने माझ्या जेडची फांदी मागितली तेव्हा मी हसत हसत दिली. "आधी थोडे दिवस सुकू दे, मग लाव. आणि पाणी बेताने," एवढं सांगितलं.

तिचं घर खोपटला, वरच्या मजल्यावर, पूर्वेची गॅलरी. आमचं कळव्याला तळमजल्यावर. समोरच्या इमारतीमुळे खिडकीत ऊन जेमतेम डोकावतं. पण तेव्हा हे कारण मला सुचलं नाही. बघता बघता तिचं जेड कुंडीत मावेना. मनगटाएवढं खोड, जाड चकचकीत पानं, कडांना लालसर रेघ. मी माझ्या जेडला रोज न चुकता पाणी घालत होते. ते लांबुडकं होत गेलं आणि एका पावसाळ्यात बुडापासून कुजलं.

"वहिनी, मी काहीच करत नाही हो त्याचं," जाऊ म्हणायची. "पाणी घालायचंसुद्धा विसरते."

हेच मला लागायचं. तिच्याकडे आलेला प्रत्येक माणूस आधी गॅलरीत जायचा. माझ्या नवऱ्यानेही एकदा त्या झाडाचे फोटो काढले. परत येताना रिक्षात मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही.

मग त्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि ते शहाडला भाड्याने राहायला गेले. तिथे गॅलरी नव्हती. जाऊ ती कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने माझ्याकडे आली.

"तुमच्याशिवाय कोणाच्या भरवशावर ठेवू?" म्हणाली.

मला बरं वाटलं. आता बघू दे सगळ्यांना, माझ्या हाताखाली कसं वाढतं ते. पण थोड्याच दिवसांत पानं गळायला लागली. सकाळी खिडकीखाली ती पडलेली दिसली की कोणी बघायच्या आत मी वेचून टाकायचे.

एकदा सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर कुंडी जागेवर नाही. दार उघडं. सासूबाई बाहेर पायरीशी उन्हात बसलेल्या आणि शेजारी ते जेड. गुडघ्यांमुळे भिंत धरून चालणाऱ्या त्या बाईने कुंडी पाटावर ठेवून ओढत तिथवर नेली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. मला पाणी घालताना बघितलं की म्हणायच्या, "आज नको. माती ओली आहे अजून."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याजवळ राहते. त्यांची औषधं, पथ्य, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं मी केलं. माझं जेड मरत होतं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

एके दिवशी मला राहवलं नाही. "आई, माझ्या झाडासाठी कधी नाही ओढलात पाट."

त्यांनी वर पाहिलं. "तुझं तू बघतेस. तुझ्या कामात हात घालायची मला भीतीच वाटते. धाकटीचं घर पाडलंय, झाड इथे ठेवून गेलीये बिचारी."

त्या खरं बोलत होत्या. पण मला बिचारी म्हणावं अशी वेळ मी कधी येऊच दिली नव्हती, हे त्यांना कसं सांगणार? मी आत जाऊन कणीक मळायला घेतली.

उन्हाने झाड सावरलं. गळलेल्या जागी नवे कोंब आले. भाडेकरार संपल्यावर दीर-जाऊ डोंबिवलीला गॅलरीच्या घरात गेले आणि जाऊ कुंडी न्यायला आली. कोंबांवरून हात फिरवत म्हणाली, "वहिनी, खरंच तुमच्या हाताला गुण आहे."

"माझ्या नाही. आईंच्या," मी म्हटलं.

"मग आई, चला ना तुम्हीपण. राहा थोडे दिवस."

सासूबाई कधी कोणाकडे राहायला जात नसत. या खेपेला लगेच हो म्हणाल्या. मी त्यांची पिशवी भरली, गोळ्या कशा द्यायच्या ते जावेला समजावलं आणि दोघींना रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळी फोन केला. त्या गॅलरीतच होत्या. मी विचारलं, "जेवलात का? गुडघा कसा आहे?" हो हो म्हणून त्या जेडला कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय, तिथे ऊन किती वेळ असतं, तेच सांगत राहिल्या. आवाज इतका खुशीत होता की मला मध्ये बोलवेना. बोलणं संपत आल्यावर मी विचारलं, "परत कधी येताय?"

"बघू गं," त्या म्हणाल्या. "इथे बरं वाटतंय."