मिटलेले डोळे

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी फुलं घेऊन आल्या. आम्ही जपानात, त्सुकुबा शहरात आल्यापासून त्या आमच्या शेजारी. एकदा पडल्या, तेव्हापासून डावा गुडघा दुखतो आणि तोल जातो. बूट काढताना त्या भिंत धरतात. कचरा टाकायला जाताना माझ्या पत्नीचा दंड धरायच्या. काठीचं नाव काढलं की म्हणायच्या, "काठी म्हाताऱ्यांना!" देवळातसुद्धा त्या डोळे उघडे ठेवूनच हात जोडतात. "डोळे मिटले की पाय कुठे आहे, हे गुडघा सांगत नाही," असं त्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं.

खाली बसता येत नाही म्हणून त्या माझ्या पत्नीच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. लगेच डुलायला लागल्या. मी धावत जाऊन दंड धरला.

"आजी, डोळे उघडा, पडाल."

"देवाला उघडे चालतात. हिच्यासाठी नको." डोळे मिटलेलेच. "आणि जरा नीट धरा. ती घट्ट धरायची."

मी घट्ट धरलं. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

आता घरात तिचा फोटो आहे, आणि कचऱ्याच्या दिवशी आजी माझा दंड धरतात.