शेवटच्या कडव्यातली ठकू

समाजमंदिरातल्या दुपारच्या कार्यक्रमात कमलताई गात होत्या. वय सत्तरीपुढचं, डोक्यावर पदर, एक हात कानाशी. आवाज असा, की पंख्यांची घरघरसुद्धा ऐकू येईनाशी झाली. चाळीस वर्षं त्या स्वतःच गाणी लिहितात, चालीही स्वतःच लावतात. शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायची आपल्याकडे रीत आहे. तिथं ताई म्हणाल्या, ‘ठकू म्हणे’.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना मी शहाणपणानं विचारलं, “ताई, हे गाणं तुमचं नाही वाटतं? ठकू कोण?”

“माझी आई. रस्त्याच्या कामावर खडी वाहायची नि गुणगुणायची. माझ्या सगळ्या चाली तिथल्याच. पण तिला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. मुकादमसुद्धा हजेरी घेताना ‘किसनची बायको’ म्हणायचा. म्हणून दर गाण्यात तिलाच बसवली.”

लेखाखाली माझं नाव बारीक छापलं म्हणून मी संपादकांशी भांडलेला माणूस. आणि या बाईनं आपल्या नावाची जागा जन्मभर दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती, तीही गाजावाजा न करता.

पलीकडे दोघी बायका खुर्च्या एकावर एक रचताना तेच कडवं म्हणत होत्या. ‘ठकू म्हणे’ आलं, तशी ताईंनी ओठाशी नेलेला कप थांबवला.

“मारली बघा हाक,” त्या म्हणाल्या.